साठ निर्भय मुलं

शिवांजलीने साठावी प्रश्नावली उलटली, आणि मुरुमहून निघालेल्या एसटीत, खिडकीतून वारा येत असतानाही, तिला दरदरून घाम फुटला. शैक्षणिक मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या या मुलीचा लघुशोधप्रबंध ‘नववीच्या विद्यार्थ्यांची परीक्षाभीती’ या विषयावर होता. शनिवारी तो विद्यापीठात पोचला नाही, तर वर्ष गेले. आणि ‘परीक्षेच्या विचाराने माझे हातपाय गार पडतात’ या पहिल्या विधानापासून चाळिसाव्यापर्यंत साठही मुलांनी एकाच रकान्यात खूण केली होती : पूर्णतः असहमत.

मुख्याध्यापक शरणबसप्पा सरांनी तिला स्टाफरूममध्ये चहाला बसवून प्रश्नावल्या स्वतः भरून घेतल्या होत्या. त्या चहाची चव आता कुठे जिभेवर उतरू लागली.

धाराशिवला तिच्या मार्गदर्शक शाहिस्ता मॅडमनी गठ्ठा चाळून चष्मा काढला.

“साठ मुलं म्हणजे साठ मनं, शिवांजली. इथं एकाच मनाच्या साठ झेरॉक्स आहेत.”

“मॅडम, मुलं खरंच धीट असतील तर?”

“मग माझी त्या शाळेत बदली होते का बघ.”

बुधवारी ती पुन्हा मुरुमला गेली. सर फाटकापाशीच उभे होते, निकालाच्या दिवशी पालक उभे राहतात तसे.

“किती मार्क पडले पोरांना?”

“सर, सगळ्यांची उत्तरं सारखी आली.”

“येनारच की! म्या फळ्यावर लिवून दिली व्हती. विद्यापीठाचा पेपर, शाळंचं नाव खाली जाऊ देतो व्हय?”

“पण यात बरोबर-चूक काही नसतं, सर. मार्कही नसतात.”

सरांच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीवर क्षणभर सावली पडली. “मार्क न्हाईत, तर पोरांनी लिवायचं कशासाठी, मॅडम?”

“मला फरक हवाय. प्रत्येकाचं वेगळं.”

“आसं व्हय! मग आदुगर सांगायचं न्हाय का?” म्हणत त्यांनी कोऱ्या प्रश्नावल्यांचा नवा गठ्ठा तिच्या हातून अलगद काढून घेतला आणि शिपायाला हाक मारली. चहा नको म्हणण्याइतके मानसशास्त्र शिवांजलीला अजून येत नव्हते.

या वेळी पहिल्या रांगेतली मुले पूर्णतः सहमत होती, दुसरीतली सहमत, तिसरी तटस्थ, चौथी असहमत. पाचवी रांग भयाच्या पार पलीकडे पोचली होती. शाहिस्ता मॅडमनी आलेख बराच वेळ न्याहाळला.

“हा आलेख नाही गं, जिना आहे. शुक्रवार शेवटचा. या खेपेला वर्गात तू बस.”

शुक्रवारी तिने चहा नाकारला, सरांना हात जोडून वर्गाबाहेर थांबवले आणि प्रश्नावल्या स्वतः वाटल्या. साठ पेने हवेत थबकली. पहिल्या बाकावरच्या, खिडकीलगतच्या आरोहीने हात वर केला.

“ताई, आज कुणी सांगनार न्हाय?”

“नाही. तुझ्या मनात असेल ते लिही.”

कधी न पाहिलेल्या नातेवाइकाचा पत्ता कुणी विचारावा तसे आरोहीने तिच्याकडे पाहिले. तेवढ्यात खिडकीबाहेरून सर गेले, परत आले, पुन्हा गेले. साठ माना सूर्यफुलांसारख्या त्यांच्यामागे वळत राहिल्या. पंधरा मिनिटे गेली, एकही खूण उमटली नाही.

शिवांजली व्हरांड्यात आली. “सर, मुख्याध्यापकांचीही एक प्रश्नावली लागते.” हे खोटे होते, पण तिने इतक्या दिवसांत केलेले सर्वांत शास्त्रीय विधान तेच होते.

“माझी?” सरांनी खिशातून रुमाल काढला. “कधी पाहिजे?”

“आत्ताच.”

तिने मुलांचीच एक प्रश्नावली पुढे केली आणि सर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले. येरझाऱ्या थांबल्या. आणि वर्गात, ज्वारीच्या पात्यांत वारा शिरावा तशी हळूहळू पेनांची सळसळ सुरू झाली. मागून एक पोरगा म्हणाला, “ताई, ‘पूर्णतः सहमत’च्या म्होरं रकाना न्हाय का? मला त्येच्यापेक्षा लई भ्या वाटतंय.” वर्ग हसला, आणि शिवांजलीचे डोळे उगाच भरून आले. साठ मुले अखेर साठ जण झाली होती.

तास संपत आला, तरी सरांचा कागद परतला नव्हता. ती बघायला उठली आणि दारातच थांबली. सर खुर्चीत नव्हते. कोरी प्रश्नावली छातीशी धरून, रुमालाने कपाळ टिपत, ते खिडकीच्या गजांना चिकटून कुजबुजत होते.

“आरोही, ए आरोही, पयल्याचं काय टाकलंस गं?”

आरोहीने वर न पाहता कोपर पुढे सरकवला आणि आपला कागद झाकून घेतला.