लाल वेळापत्रकातलं निळं पाणी

पाटाच्या पाळ्या ठरवण्यासाठी आमच्या संघाची सभा दर मार्चमध्ये गावातल्या बारच्या वरच्या हॉलमध्ये भरते. सभासद एक्केचाळीस. मी संघाचा सचिव, म्हणजे घडलेला गोंधळ शुद्ध भाषेत लिहून काढणारा माणूस. स्पेनमधल्या आरागोनच्या या कोपऱ्यात हा पाट मध्ययुगात मूरांनी खणला आणि तेव्हापासून नियम एकच आहे. आपल्या पाळीला आपण आपल्या शेताचं पाणी अडवणाऱ्या फळीपाशी उभं राहायचं. पाटकरी नाव पुकारतो. माणूस दिसला नाही की पाळी गेली.

यंदा धरण एक तृतीयांशही भरलेलं नव्हतं. नदीखोऱ्याच्या वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलं : ‘भावी पुरवठ्याची अनिश्चितता लक्षात घेऊन पाळ्या आखाव्यात.’ ती लक्षात कशी घ्यायची, हे कळवलेलं नव्हतं. आमचे अध्यक्ष अन्सेल्मो यांनी मग एकाऐवजी तीन वेळापत्रकं छापून घेतली. टंचाईचं लाल, मध्यम पाण्याचं पिवळं, मुबलक पाण्याचं निळं.

ओरोसियामावशी उठल्या. त्यांची दोनशे ऐंशी पीचची झाडं आहेत. आमच्याकडे प्रत्येक फळ झाडावरच कागदी पिशवीत बांधतात. मावशी विधवा झाल्यापासून ते काम एकट्या करतात.

“मला तारीख सांगा,” त्या म्हणाल्या. “ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी लागलं नाही तर फळं पिशवीतच सुकतील.”

“तारखा आहेत की,” अध्यक्ष म्हणाले. “लालमध्ये ऑगस्टची नऊ, पिवळ्यात सहा, निळ्यात चार.”

“त्यातली खरी कुठली?”

“तिन्ही खऱ्या. लागू एक.”

“आणि लागू कुठली, ते कोण ठरवणार? तुम्ही?”

“सभा ठरवणार, मावशी. अठ्ठावीस जणांची हजेरी हवी. मनमानी चालणार नाही.”

तूर्तास खबरदारी म्हणून लाल लागू झालं. पण सभेनं पुढे रंग बदलला, तोही मागच्या तारखेपासून लागू केला, तर काय घ्या? म्हणून जो तो तिन्ही तारखांना फळीपाशी उभा राहू लागला. पाटकरी फेर्मीन तीन कागद घेऊन कोरड्या पाटाच्या काठानं फिरायचा आणि नावं पुकारायचा. पाटात सरडे पळायचे, काठावरून “हजर!” असा आवाज यायचा. जुलैअखेर माझ्या वहीत अशा सहाशे हजेऱ्या झाल्या. वरिष्ठ कार्यालयानं आमच्या शिस्तीचं लेखी कौतुक केलं.

रंग बदलायला चार वेळा सभा बोलावली, चारही वेळा माणसं कमी पडली. सगळे फळ्यांपाशी उभे होते ना!

चार ऑगस्टच्या पहाटे वरच्या डोंगरात ढगफुटी झाली. धरणाच्या खालच्या ओढ्यांना पूर आला आणि सहा वाजता आमचा पाट काठोकाठ भरून वाहू लागला. मी पोहोचलो तेव्हा मावशी फळीपाशी उभ्या होत्या, समोर फेर्मीन.

“उचल ना रे फळी, फेर्मीन!”

“कशी उचलू? लालमध्ये आज कोणाचीच पाळी नाही. हे पाणी पत्रकात नाही, मावशी.”

“पत्रकात नसू दे, पाटात आहे ना?”

“ते सभेनं मान्य करायला हवं.”

तातडीची सभा बोलावली. सत्तावीस जण जमले. मी पुन्हा मावशींकडे धावलो.

“मी इथून हलले आणि पाळी गेली तर?” त्या म्हणाल्या.

“आज तुमची पाळीच नाही, तर जाईल कशी?” मी समजावलं. त्या आल्या.

आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. मग आलेलं पाणी पिवळं की निळं, यावर चर्चा झाली. तेओफिलोनं हरकत घेतली की, वादळाचं पाणी हा पुरवठाच नव्हे, तो अपघात आहे. अपघाताची उपसमिती नेमावी का, यावर तासभर गेला. खिडकीतून पाट दिसत होता. मावशी तिकडे बघत होत्या आणि हात वर करा म्हटलं की करत होत्या.

अकरा पन्नासला ठराव एकमतानं मंजूर झाला. निळं वेळापत्रक लागू, सकाळी सहापासून. मागच्या वेळेपासून लागू केलं नसतं, तर सकाळचं पाणी बेकायदा ठरलं असतं. टाळ्या झाल्या. मग मी निळा कागद उघडला. चार ऑगस्ट, सव्वादहा ते पावणेबारा : ओरोसिया बेलियो.

“हजर होत्या का?” अध्यक्षांनी विचारलं.

फेर्मीन सरळ माणूस. त्यानं नीट आठवून सांगितलं, “फळीपाशी नव्हत्या.”

“अरे मेल्या, तुझ्या शेजारी बसले होते ना मी!”

“म्हणून तर खात्रीनं सांगतोय, मावशी.”

मी ‘गैरहजर’ लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं, पण अक्षर चांगलं आलं. दुपारी पूर ओसरला. सगळं पाणी एब्रो नदीच्या दिशेनं निघून गेलं होतं. वीस तारखेपर्यंत मावशींच्या झाडांवर नुसत्या पिशव्या लोंबत होत्या. आत हात घातला की सुरकुतलेलं काहीतरी लागायचं.

एक सांगायचं राहिलं. आमच्या फळ्यांना कुलूप नसतं. हातभर लांबीची लाकडी फळी, एका हातानं वर येते. त्या सकाळी फेर्मीनसकट सगळे हॉलमध्ये होते आणि पाटावर तीन तास चिटपाखरूही नव्हतं. अठ्ठावीस जणांपैकी एकही जिना उतरून गेला नाही. कोणाला सुचलंच नाही. पण वाचकहो, तुम्हाला कसली गडबड होती? तुम्ही निवांत बसून वाचत होतात, तरी तुम्हीही आमच्याबरोबर निळ्या-लालच्या तारखाच जुळवत बसलात. मार्चच्या सभेला जरूर या. मावशींनी बाग तोडली, त्यामुळे संघात एक जागा रिकामी आहे.