निखाऱ्यातली लादी

यास्नाने ओट्याखाली पाहिलं, पाळण्याखाली पाहिलं, शेवटी बाळाला उचलून त्याच्याखालीही पाहिलं. फेसाची लादी कुठेच नव्हती.

समुद्रशेवाळाचा चीक, बटाट्याचं सत्त्व आणि किनाऱ्यावरची माती फेटून तिने आणि नवऱ्याने, एरिबेर्तोने, ती वाळवली होती. वजनाला पापडासारखी, ऊब धरणारी, आगीला न जुमानणारी. अशा लाद्या बाळाच्या खोलीच्या भिंतीत भरायच्या होत्या. फळ्यांच्या फटींतून येणाऱ्या वाऱ्याने बाळाने मागचा हिवाळा खोकत काढला होता. पण नगरपालिकेचे बार्रियासाहेब आधी नमुना आगीवर धरून पाहणार, मगच परवानगी. बाकीच्या लाद्या अजून ओल्या होत्या. हिवाळ्याआधीची साहेबांची ही शेवटची फेरी, आणि साहेब धक्क्यावर उतरलेसुद्धा होते.

"मेंढीनं खाल्ली," एरिबेर्तो म्हणाला. "शेवाळाचा वास आला की तिला धीर धरवत नाही." आणि तो मेंढीचं तोंड उघडून पाहायला गेला.

चिलोए बेटावर पाहुण्याने खाल्ल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत, म्हणून यास्नाला थोडी उसंत मिळाली. तिने शिंपल्यांचा रस्सा वाढला. मग पुन्हा वाढला. तिसऱ्यांदा पळी पुढे केली, तेव्हा साहेबांनी वाडग्यावर हात धरला.

"ताई, ओहोटीच्या आत मला बोट गाठायचीय. नमुना कुठाय?"

"मेंढीपाशी आहे."

"मेंढीपाशी?"

"पोटात. बहुतेक."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग परवानगी काय मेंढीला देऊ?"

चुलीपाशी सासूबाई, एदेल्मिराबाई, मघापासून चिमटा आपटत होत्या. "तुमचं चालू दे. पण सूनबाई, हे पीठ कसलं मळलंस गं? ओट्यावर बघितलं तर छान फुगलेलं, हलकं. म्हटलं, पोरीला जमलं एकदाचं. पाहुण्यांसाठी रोडगा करायला निखाऱ्यात पुरलं. सकाळपासून लाकडं सारतेय, मेलं तांबूससुद्धा होईना."

साहेब उठून चुलीशी उकिडवे बसले. चिमट्याने लादी बाहेर ओढली, मोडली. कडा जरा काळवंडलेल्या, आत पांढरीफेक.

"सकाळपासून?" त्यांनी विचारलं.

"चर्चची घंटा झाली तेव्हापासून."

साहेबांनी पेन उघडलं. तेवढ्यात एदेल्मिराबाईंनी एक तुकडा ताटलीत घेतला, त्यावर चांगली डुकराची चरबी थापली आणि ताटली पेनाखाली सरकवली. "आधी खा. लिहायचं ते मग लिहा. आमच्याकडून कुणी उपाशी गेलेलं नाही."

साहेबांनी यास्नाकडे पाहिलं. यास्नाने बाळाकडे पाहिलं. साहेबांनी तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"कसा झालाय?"

"भिंतीसाठी उत्तम," साहेब म्हणाले आणि सही केली.

एदेल्मिराबाई त्या माणसाशी अजून बोलत नाहीत.