निकम काकांच्या बोटीचा पंखा

निकम काकांच्या घरी कुणी पहिल्यांदा गेलं की काका चहाच्या आधी वजन विचारतात. सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत, चपलांच्या रॅकशेजारच्या काट्यावर उभं करतात. आमच्या बागूल वहिनी संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेल्या आणि लालबुंद होऊन परत आल्या.

"मला म्हणाले, वा! तुम्ही मागच्या सीटवर उत्तम!"

काकांना बोटीसाठी माणसं हवी होती, हे त्या बिचाऱ्यांना काय माहीत?

इंदिरानगरात आमच्या खालच्या मजल्यावर काका राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. "जन्मभर पाणी अडवलं, आता त्याच्यावर फिरायचं," असं म्हणत त्यांनी इगतपुरीकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टची जुनी बोट घेतली. स्टर्नड्राइव्ह नावाचा प्रकार. म्हणजे इंजिन बोटीच्या पोटात आणि मागे पाण्यात लोंबणारा एक लोखंडी पाय. त्या पायाला पंखा. मूळचं पेट्रोल इंजिन गंजून गेलं होतं. काकांनी घोटीच्या रफिकभाईंकडून तिथे जीपचं डिझेल इंजिन बसवून घेतलं, आणि मग पंख्याचं प्रकरण सुरू झालं.

जुना पंखा होता जोरात फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा. नवं डिझेल इंजिन मंद, पण ताकदीचं. जुना पंखा लावला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि बोट म्हशीसारखी सरकायची. मग काकांनी जास्त पिळाची पाती असलेला पंखा आणला, तर इंजिन दबून काळा धूर ओकायला लागलं.

"अरे, पंखा म्हणजे बोटीचा गिअर," काका मला जिन्यात थांबवून सांगायचे. माझ्या हातात दुधाची पिशवी. "चौथ्या गिअरमध्ये कसारा घाट चढशील का? नाही ना? आणि पहिल्यात हायवेला जाशील का?"

"नाही काका."

"मग! आणि हे सगळं लोडवर बघायचं. रिकामी बोट काय, कशीही पळते."

'लोडवर बघू' हा त्यांचा शिक्काच होता. सोसायटीची नवी लिफ्ट? लोडवर बघू. बागुलांचा नवा जावई? लोडवर बघू.

तर लोड म्हणून आम्ही. दर रविवारी सकाळी धरणावर ट्रायल. परवानगी काकांनी खात्यातल्या जुन्या ओळखीतून मिळवलेली. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, वजनाप्रमाणे जागा, आणि हलायचं नाही. पोहे काका स्वतः करून आणत. मीठ कधी दोनदा पडलेलं, कधी राहिलेलं. पंखा बदलायचा, बोट पळवायची, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा बघायचा, मान हलवायची. "अजून नाही. पुढच्या रविवारी."

ट्रायलचा व्हिडिओ ते काठावरूनच काकूंना पाठवत. काकू बंगळूरला मुलीकडे बाळंतपणासाठी 'थोड्या दिवसांकरता' गेल्या होत्या. तो नातू आता शाळेत जातो. व्हिडिओला काकूंकडून एक अंगठा यायचा. काका तो अंगठा आम्हाला दाखवायचे.

"तुम्ही का नाही जात तिकडे?" मी एकदा विचारलं.

"गेलो होतो ना. त्यांचं सगळं छान चाललेलं असतं. मी सोफ्यावर बसलो की झाडूवाली मला पाय वर घ्यायला सांगायची. तेवढंच काम."

हळूहळू आमची मंडळी गळायला लागली. कुणाची मॅच, कुणाचं लग्न, बागूल वहिनींची कंबर. पंखा काही जमेना.

मध्यंतरी मी तांदूळ आणायला घोटीला गेलो होतो. म्हटलं, रफिकभाईंना भेटून येऊ. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला एक पंखा टांगलेला होता, स्वच्छ पुसलेला.

"हा कोणाचा?"

"निकमसाहेबांचाच की. ह्यो तर कवाच बसला व्हता भाऊ! तुम्ही समदे व्हते ना तवा, मी बी आलतो. बोट एकदम मख्खन. इंजिनाचा काटा बरोबर जागेवर."

मला तो रविवार आठवला. खरंच झकास पळाली होती बोट. काकांनी काट्याकडे बघून मान हलवली होती, "अजून नाही."

"मग काढला का?"

रफिकभाईंनी हात पुसत दुसरीकडे बघितलं. "मी बी इचारलं. म्हनले, राहू दे टांगलेला. अजून मंडळी येतायत."

पुढच्या रविवारी धरणावर मी एकटाच पोचलो. काकांनी पोह्यांचा मोठा डबा आणला होता, नेहमीएवढाच. सोबत सगळ्यांची जॅकेटं. त्यांनी माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं, मग बोट सोडली.

बोटीच्या पायाला तो जुना पंखा होता. इंजिन किंचाळत होतं, बोट सरकत होती.

"बघ," काका मोठ्याने म्हणाले, "अजून नाही जमत."

"मी रफिकभाईंकडे गेलो होतो, काका."

त्यांनी ऐकलं. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. एवढ्या आवाजानंतर कानात दडे बसल्यासारखं झालं. पाणीसुद्धा वाजत नव्हतं.

"दुपारी घर असं असतं," ते म्हणाले. "फक्त पाणी नसतं."

मी चुळबुळत म्हटलं, "तो चांगला पंखा बसवून टाका. मी येत जाईन."

"बोट नीट चालायला लागल्यावर कशाला येशील?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. खरंच विचारत होते. मी डबा उघडला. आज मीठ बरोबर पडलं होतं. आम्ही एकाच डब्यातून खात राहिलो. वाऱ्याने बोट काठापासून हळूहळू लांब चालली होती. किल्लीला दोघांनीही हात लावला नाही.