अध्यक्षांकडे पाठ करू नये

रयत राबते, परंतु तिला करमणूक नाही, ही गंभीर बाब १९३६ सालच्या सुमारास वरच्या कचेरीच्या लक्षात आली. त्यावर उपाय म्हणून वेल्ह्याच्या मैदानावर भर दुपारी, उघड्यावर, संगीत व नृत्याचा मोफत जलसा करण्याचे ठरले. त्याच दिवशी त्याच मैदानावर वरच्या वाडीचे धनगर दरसाल ढोल लावून, रिंगण धरून गजा नाचतात आणि सारी रयत तो फुकटच पाहते, असे कुणीतरी निदर्शनास आणले. कचेरीला समाधान वाटले. जलशाची निम्मी तयारी आपोआप झाली होती. उरले होते फक्त परवानगी देणे.

जलशाचे चिटणीस होते आनंदराव कारकून. माणूस वाईट नव्हता, फक्त वरून आलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही असा त्यांचा बाणा होता. यंदा वरून आलेला शब्द असा होता की, अध्यक्षस्थानी बसणाऱ्या रावसाहेबांकडे कोणीही पाठ करू नये.

बिरू धनगराला जलशाशी काही कर्तव्य नव्हते. गेल्या साली मेंढरांत रोग शिरला, तेव्हा त्याने बिरोबाला नवस बोलला होता की कळप वाचला तर तुला मधे बसवून सगळी वाडी नाचवीन. कळप वाचला. आता नवस फेडला नाही, तर देव काय करील ते पुढचे. बायको भागूबाई त्याला सुखाने घास गिळू देणार नव्हती.

"रिंगण हाय सायेब," तो म्हणाला. "गोल फिरायचं म्हंजी कुणाकडं तरी पाठ व्हनारच."

"होऊ दे. रावसाहेबांकडे नको."

मग तोडगे सुरू झाले. आनंदरावांनी अर्धे रिंगण सुचवले. वाडीतला सर्वांत म्हातारा ढोलकरी रायबा याने, तसे केल्यास देव एका अंगाने उघडा पडतो, असे सांगून ते फेटाळले. पुढे रावसाहेबांसमोरून जाताना उलट्या पावलांनी नाचून पाहण्यात आले. पहिल्याच फेरीत दोघे जण ढोलावर बसले. अखेर आनंदरावांना सुचले, की रिंगणात एकच जागा अशी असते जिच्याकडे कुणाची पाठ होत नाही. ती म्हणजे मधली. रावसाहेबांची खुर्ची तिथेच ठेवावी.

"तितं देव बसतो," बिरू म्हणाला.

"देवाला पाहुण्यांत बसवू. मानानं."

जलशाच्या दिवशी बिरोबाचा पितळी मुखवटा पाटीत घालून डोंगरावरून खाली आणला गेला. पाहुण्यांची पहिली रांग पाटील, वकील आणि ठेकेदार यांनी आधीच भरली होती, म्हणून देवाला त्यांच्या मागे बाकावर, पाहुण्यांच्या छत्र्यांशेजारी जागा मिळाली. प्रथम चंद्राबाई भोरकरणींचे गाणे झाले. त्यांनी ते रावसाहेबांकडेच तोंड करून गायले, त्यामुळे पलीकडच्या निम्म्या मैदानाला त्यांचा अंबाडा दिसला. रयतेकडे पाठ करण्यास हरकत नव्हती.

मग ढोल घुमला. रावसाहेबांभोवती धनगरांची भिंतच उभी राहिली आणि रयत मन लावून धनगरांच्या पाठी पाहू लागली. आता गजाची रीत अशी की मधल्या देवाच्या डोक्यावर फूल ठेवायचे, आणि ते आपसूक पडेपर्यंत नाच थांबवायचा नाही. देवाने फूल दिल्याशिवाय थांबणे म्हणजे त्याचा अपमान. बिरू रीतीचा पक्का. मधे जो बसला होता त्याच्या पगडीवर त्याने फूल ठेवले.

अध्यक्षांनी चुळबुळ करू नये, हे रावसाहेबांना ठाऊक होते. ते हलले नाहीत, म्हणून फूल हलले नाही, म्हणून नाच थांबला नाही. भंडारा उधळला जात होता. रावसाहेबांच्या मिशा पिवळ्या झाल्या, डोळ्यांना धार लागली, मान आखडली. आनंदराव पाणी घेऊन रिंगणाबाहेर तिष्ठत उभे होते. आत शिरले असते तर परतताना पाठ झाली असती. ऊन कलून तोरणा गडाच्या माथ्यावर गेले, तेव्हा कुठे भंडारा रावसाहेबांच्या नाकात गेला, ते शिंकले आणि फूल पडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यक्रम उत्तम झाल्याचे ज्यांना काहीच दिसले नव्हते त्यांनीही सांगितले.

बिरू घामाने निथळत देवाजवळ आला. नाच झाला होता, पण नवस जिथल्या तिथेच होता. पाहुण्यांनी खुर्च्या जरा फिरवाव्यात, इथेच देवाभोवती एक फेर धरतो, असे त्याने आनंदरावांना विनवले.

"खुर्च्या फिरवल्या तर रावसाहेबांकडे पाठ होईल," आनंदराव म्हणाले.

"आन् दुपारधरनं ही समदी देवाकडं पाठ करून बसल्यात, त्येचं काय?"

आनंदरावांनी विचार केला. "त्याबद्दल तक्रार आलेली नाही."

बिरूने मुखवटा पुन्हा पाटीत ठेवला, रायबाने ढोल गळ्यात अडकवला आणि सारी वाडी डोंगराची वाट चढू लागली. खाली आभारप्रदर्शन चालू झाले. थोड्या वेळाने वरून ढोल ऐकू येऊ लागला, इतका मोकळा की दुपारभर ऐकलेला तो हाच, हे खरे वाटेना. भाषणात व्यत्यय येतो म्हणून पहिल्या रांगेने कपाळाला आठ्या घातल्या, पण उठले कुणी नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही असतो तर आभार तसेच टाकून ढोलाच्या मागे वर गेलो असतो. जरूर गेला असता. फक्त तुमची खुर्ची पहिल्या रांगेत नसायला हवी होती.