चिमाऊ पानमळ्याची शीव चालली

श्री. भुई धनीण, आपण सारे तिची कुळे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी राज्यात जे घडले ते पाहिले तैसे लिहिले आहे, पदरचे घातले नाही.

दिवाणसाहेबांचे चित्ती आले की राजधानीपासून बंदरापर्यंत रुंद हमरस्ता व्हावा आणि लोकांचे कल्याण व्हावे. कल्याण म्हटले की कोणाची तरी भुई जावयाचीच. वाटेत चिमाऊ फुलारीण इचा पानमळा आला. बाई विधवा, मळा नवऱ्याने हाताने लाविलेला, आणि रीत ऐसी की आत पायताण घालून कोणी शिरू नये, मग तो पाटील असो की जावई. भुई सोडण्याचा हुकूम आला तेव्हा चिमाऊ न्यायसभेत फिर्यादी जाहली आणि वाटेतील बाकीचे मळेवाले तिच्यामागे उभे राहिले, की बाईचे होईल तेच आपले. मग व्यंकोजीपंत वकिलांनी हुकूम वाचून पाहिला, तो मळ्याचे नाव आहे पण चतुःसीमा नाही, जुने नकाशे वाळवीने खाल्लेले. पंत बोलिले, "कोठून कोठवर भुई घेणार हे सरकारासच ठाऊक नाही. हुकूम लंगडा आहे." न्यायाधीशांनी मान डोलाविली आणि मळेवाल्यांचे जिवात जीव आला.

तो सरकारचा कारभारी हसून म्हणाला, "सीमा बाईस तरी कोठे ठाऊक? शेजाऱ्याची भुई दाबून बसली असेल." हे शब्द चिमाऊस झोंबले. त्या मुलखी जुनी चाल ऐसी की शिवेचा वाद पडला म्हणजे धन्याने ओल्या वस्त्रानिशी, भुईचे ढेकूळ डोईवर घेऊन आपली शीव चालावी, खोटा चालेल त्याचा निर्वंश. पंतांनी हात जोडले, "चिमाऊ, गप्प बसा. सीमा सापडत नाही म्हणूनच मळा आहे."

"चोर म्हनवून मळा राखू व्हय, पंत? मग माझ्या पानाला हात कोन लावंल?"

मग चिमाऊ चालली. "हितं बोर. हितं मालकांनी धोंडा पुरला. ह्यो हातभर तुकडा शेजारच्या बाळाप्पाचा, माझा न्हाई," ऐसे म्हणून तेवढी भुई सोडून आतून वळली, आणि सारा गाव रडला. मागून मोजणीदार चुन्याची फक्की टाकीत आले. आम्ही पाहिले आणि बोललो नाही. ती लाज अद्याप आहे.

दुसरे दिवशी कारभाऱ्याने नकाशा सभेत मांडिला, की चतुःसीमा धनिणीच्याच पायांनी सिद्ध जाहली. न्यायाधीश खिन्न झाले, परंतु हुकुमात उणे उरले नाही, सबब तो कायम केला. आणि तिच्या धोंड्यावरूनच पुढचे सारे मळे मोजले गेले. कोणी तिला बोल लाविला नाही, तेच तिला सोसेना.

कबजा घ्यावयास लोक आले तेव्हा चिमाऊ मळ्याच्या तोंडाशी उभी होती. "पायतानं काढा, मग शिरा," इतकेच म्हणाली. मोजणीदाराने मुकाट्याने काढिली. मागून यंत्र आले, त्यास काय सांगावे?

एवंच, चिमाऊ शिवेस खरी उतरली आणि मळा गेला. बाळाप्पाचा हातभर तुकडा तेवढा रस्त्याच्या कडेस राहिला, त्यावर त्याने पानाचा एक वेल लाविला आहे. बाजारास जाताना चिमाऊ तेथे पायताण काढून हाती घेते.