चुडामणनानांचा निर्दोष बंब

आमच्या गावच्या म्युनिसिपालटीने आग विझवण्याचा बंब आणला, ही गोष्ट सर्वथा स्तुत्य होती. अमळनेर आणि धुळे यांच्या मधले हे गाव. नाव सांगत नाही, कारण मला इथेच राहायचे आहे. गावात कापसाचे जिन, कापसाच्या वखारी, कापसाच्या गाड्या. वैशाखात एखाद्याने विडी नीट विझवली नाही तर सगळी पेठ घागरी घेऊन धावायची. म्हणून हातबंब आला. चार माणसांनी दांडा वरखाली करायचा आणि पाचव्याने नळीची पितळी तोटी आगीवर धरायची, इतके सोपे यंत्र. सोपे असल्यामुळे ते कोणाच्याही हाती देणे धोक्याचे होते. सभेने एकमताने ते चुडामणनानांच्या हाती दिले. मी शाळामास्तर, सभेची टिपणे लिहायला मला बसवीत, म्हणून हे सगळे जवळून पाहिले आहे.

चुडामणनाना म्युनिसिपालटीचे ओव्हरसियर. त्यांना चूक सहन होत नसे. दुसऱ्याची तर नसेच, पण स्वतःच्या हातून होऊ शकेल अशी आणि अजून झालेलीच नाही अशी चूक त्यांना जास्त छळायची. भाजीबाजारातली गटार त्यांनी बांधली. आजही तिच्यात पाणी तुंबत नाही, आणि पावसाळ्यात कोरड्या पायांनी मेथी घेताना मी त्यांना मनापासून दुवा देतो. ती बांधून होईपर्यंत मात्र बाजार गावाबाहेर भरत होता आणि मुलांची एक अख्खी पिढी मेथी न खाता मोठी झाली.

त्यांच्या स्वतःच्या घराला दार नव्हते. चौकट एका अंगाला केसभर कलली आहे असे नानांचे म्हणणे. ती बसवली, काढली, पुन्हा बसवली, पुन्हा काढली. तोवर दाराच्या जागी गोणपाट.

"नवी नवरी होऊन आले तेव्हापासून गोणपाट उचलून घरात येतेय," प्रमिलाबाई म्हणायच्या. "यांचं म्हणणं, वाकडं दार लावण्यापेक्षा दार नसलेलं बरं. गल्लीतल्या कुत्र्यांचंही तेच म्हणणं आहे."

अशा माणसाच्या ताब्यात बंब गेला आणि बंबाचे भाग्य उजळले. चिंच लावून तोटी इतकी घासली जायची की लोक तिच्यात पाहून मिशा नीट करायचे. नळीची गुंडाळी कुठेही दबलेली नसायची. बंबासाठी कौलारू शेड झाली, शेडीला दार लागले. ते अर्थात म्युनिसिपालटीने लावले, नानांनी नाही, म्हणून लागले.

पहिली आग भिकन पाटलाच्या खळ्यात लागली. भिकन धापा टाकत शेडीपाशी आला आणि कडबा पेटला म्हणून ओरडू लागला.

"नाना, कडबा पेटना! चला, चला!"

"चला काय? नळीला घडी पडली आहे," नाना म्हणाले. "घडी घेऊन निघालो आणि तिथे नळी फुटली तर गाव काय म्हणेल?"

नळी उलगडली, घडी काढली, पुन्हा गुंडाळली. मग दांड्यावरच्या चौघांची पावले जुळेनात. निंबाचा पाय पुढे तर भटूचा मागे. नानांनी त्यांना जागच्या जागी चालवून पाहिले. पावले जुळल्यावर बंब डौलाने निघाला. मी टिपणात लिहिले ते असे: "बंब पोहोचला तेव्हा कडबा पूर्णपणे जळून आग आपोआप विझली होती. बंबास कोणतीही इजा झाली नाही." दुसरे वाक्य वाचल्यावर सभेने टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष रावसाहेब तोताराम यांनी नानांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. भिकन सभागृहाच्या पायरीवर बसून होता. त्याच्या बैलांनी काय खायचे हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसल्याने घेता आला नाही.

नाना मात्र खूश नव्हते. अभिनंदन ऐकतानाही त्यांचा चेहरा आंबट. बाहेर पडताना मला म्हणाले, "मास्तर, वळणावर डावं चाक खड्ड्यात गेलं. तुम्ही पाहिलंत ना?"

"नाही पाहिलं, नाना."

"कोणीच पाहिलं नाही. मी पाहिलं. आता मला जेवण जाणार नाही."

आणि खरेच गेले नाही, असे प्रमिलाबाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितले. मला त्यांची दया आली. ज्याच्या डोक्यात असा परीक्षक चोवीस तास छडी घेऊन उभा आहे, त्याला बाहेरचा शत्रू कशाला हवा! पण दया आली तरी कडबा गेला तो गेलाच.

नानांनी सभेपुढे अर्ज ठेवला की, पुरेसा सराव झाल्याखेरीज बंब खऱ्या आगीवर नेणे हे बंबावर अन्याय करणारे आहे. आधी सरावाची आग, ती निर्दोष विझली की मग खरी. सभेला हे पटले. सभासदांपैकी कोणाचाही कडबा जळाला नव्हता. ठराव झाला: सराव निर्दोष पार पडेपर्यंत बंब अन्य कोणत्याही आगीसाठी वापरू नये, आणि सरावासाठी एक झोपडी बांधून ती रीतसर पेटवावी.

झोपडी नानांनी बांधली, म्हणजे कशी असेल ते सांगायला नको. कुडाच्या काठ्या एका उंचीच्या, छपराचा उतार सारखा, आत शेणाने सारवलेली गुळगुळीत जमीन. दारसुद्धा बसवले. जळणारच आहे म्हटल्यावर नानांना त्याची फारशी काळजी वाटली नाही, म्हणून ते पहिल्याच झटक्यात सरळ बसले. दांड्यावरचा निंबा झोपडीभोवती फिरून आला आणि हात जोडून म्हणाला, "नाना, हाई झोपडी मन्हा घरपेक्षा चांगली शे. हाई माले द्या, मन्हं घर जाळा."

"तुझं घर वाकडं आहे," नाना म्हणाले. "ते सारखं पेटणार नाही."

जागा निवडताना नानांनी गावभर पाणसळ लावून पाहिली. सगळ्यांत सपाट जागा पिंजाऱ्याच्या दुकानासमोर सापडली. हनीफ पिंजारी आणि त्याची बायको ताजबी यांचे ते दुकान. पुढे पिंजण, मागे घर. लग्नसराई होती, गावच्या निम्म्या नवरीमुलींच्या गाद्यांचा कापूस तिथे छपरापर्यंत रचलेला. त्यातच कोपऱ्यात, चादरीत बांधून ठेवलेली एक दुहेरी गादी हनीफच्या स्वतःच्या मुलीची, सलीमाची. तिचा निकाह त्याच महिन्यात होता. ताजबीने त्या गादीचे टाके स्वतः घातले होते. ताजबीचा टाका म्हणजे ओळंबा लावून घातल्यासारखा. नानांना गावात मान्य असलेली सरळ रेघ ती एकच.

झोपडी उभी राहिलेली पाहून हनीफ धावत आला.

"नाना, आठे मन्हा बठ्ठा कापूस शे. ठिणगी उडनी ते?"

"म्हणूनच तर ही जागा उत्तम," नाना म्हणाले. "आग लागलीच तर बंब समोरच आहे. गावात एवढी सुरक्षित जागा दुसरी कुणाची आहे का, सांग."

हनीफ मान हलवत दुकानात परत गेला. टिपणात मी "शंकेचे निरसन झाले" असे लिहिले.

सराव सुरू झाले. पहिल्या वेळी झोपडी एकाच कोपऱ्यातून पेटली. नानांना चारी कोपरे एकदम हवे होते. ती विझू दिली, नवी बांधली. पुढच्या वेळी धार सुटताना भटूला शिंक आली. पुन्हा झोपडी. गावात दोन ठिकाणी खऱ्या आगी लागल्या, पण सराव अपुरा असल्याने त्या घागरींनीच विझवाव्या लागल्या. लोक कुरकुरले नाहीत. उलट अभिमानाने म्हणायचे, आमचा बंब अजून तयार होतो आहे. शेवटी नाना म्हणाले, आता जमेल. रावसाहेबांनी लगेच प्रांतसाहेबांना आमंत्रण धाडले.

त्या दिवशी मांडव होता, खुर्च्या होत्या, रावसाहेबांच्या डोक्यावर नवाकोरा गुलाबी फेटा होता. नाना स्वतः तोटी धरून उभे राहिले. चारी कोपरे एकदम पेटले. दांडा एका तालात वरखाली झाला आणि पाण्याची धार अशी सुटली की काय सांगू! कमानीसारखी वर गेली आणि बरोबर छपराच्या मध्यावर उतरली. टाळ्यांचा कडकडाट झाला. नानांच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा समाधान पाहिले, आणि खरे सांगतो, मलाही भरून आले.

तेवढ्यात वारा फिरला. झोपडीची एक ठिणगी हनीफच्या दुकानावरच्या बांबूच्या तट्ट्यावर जाऊन बसली. तट्टा पेटला, मग आतला कापूस. कापूस पेटतो तेव्हा आवाज करीत नाही, नुसता लाल होत जातो.

"नाना, आठे! आठे पानी मारा!" हनीफ ओरडला. ताजबी पदर तोंडाला लावून आत धावली.

मी नानांच्या शेजारीच होतो. त्यांनी पाहिले होते. तोटी त्यांनी छपरावरच रोखून धरली होती आणि ओठ पुटपुटत होते, "वळवली आणि धार तुटली तर? साहेबांवर पडली तर? आधी ही पुरी होऊ दे. एवढी एक पुरी होऊ दे." मला त्या क्षणी त्यांचा संताप आला, असा की तोटी हिसकावून घ्यावी. पण माझ्या हातात टिपणे होती.

"नाना, सराव पुरा करा," रावसाहेब म्हणाले. "ठराव तसाच आहे."

प्रांतसाहेब खुर्चीत पुढे झुकले. "दुसरी आगही ठेवलीत? वा, चांगली कल्पना आहे."

मग ताजबी धुरातून बाहेर आली. बगलेत सलीमाची गादी, तिच्या एका टोकातून धूर निघत होता. गादी तिने रस्त्यात टाकली, सरळ नानांपाशी आली आणि डाव्या हाताने तोटी ओढली. नानांनी सोडली नाही. ओढाताणीत धार फिरली ती आधी रावसाहेबांच्या फेट्यावर. फेटा कच्च्या रंगाचा. गुलाबी पाणी त्यांच्या कपाळावरून मिशीवर, मिशीवरून पांढऱ्या अचकनीवर. "अरे! अरे!" म्हणून त्यांनी तोंड उघडले तर धार तोंडात. पुढे प्रांतसाहेबांची खुर्ची साहेबांसकट मागे कलंडली. भटू हसता हसता दांड्यावर लोंबकळला. सगळे गाव पोट धरून हसत होते. अशी धार मारत मारत ताजबीने तोटी दुकानाकडे नेली.

चौकशी समिती नेमली गेली. फेट्याचा रंग कच्चा होता की पाण्याचा जोर अधिक होता, यावर तिच्या बऱ्याच बैठका झाल्या. फेटेवाल्याची साक्ष झाली, परटाची झाली. निष्कर्ष असा निघाला की, बंबात कोणताही दोष नाही, सरावात कोणताही दोष नव्हता, दोष केवळ सरावाचे शिक्षण न घेतलेल्या व्यक्तीने तोटी धरण्यात होता. ताजबीला लेखी समज देण्यात आली. यापुढे तोटीला साखळी आणि साखळीला कुलूप लावावे असे ठरले. तसे ते लावले आहे. शेडीत जाऊन कोणीही पाहू शकतो, चकाकते.

नानांनी अंथरूण धरले. भेटायला गेलो तर छताकडे पाहत म्हणाले, "मास्तर, धार अगदी मध्यावर पडत होती हो."

"पडत होती, नाना."

"आणखी थोडाच वेळ हवा होता."

ते अंथरुणात आहेत ही संधी साधून प्रमिलाबाईंनी गावातल्या सुताराकडून दार बसवून घेतले. वाकडे बसले आहे. बंद करायला लाथ मारावी लागते. त्यांनी मला मारून दाखवली आणि म्हणाल्या, "लागतं ना? मग झालं. काल पहिल्यांदा निर्धास्त झोपले."

फेट्याची गोष्ट अजून गावात रंगवून सांगतात. लग्नाच्या पंगतीत, पानाच्या ठेल्यावर, कोणी पाहुणा आला की आधी तीच. मी शेकडो वेळा सांगितली आहे आणि ऐकणारा प्रत्येक वेळी हसला आहे. आताही हसलाच असाल. ताजबीने तोटी डाव्या हाताने का ओढली, हे मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही.

उजवा हात गादीबरोबर आत भाजला होता. दुकान अर्धे वाचले, सलीमा अर्धवट जळकी गादी घेऊन सासरी गेली, आणि ताजबीच्या उजव्या हाताची बोटे पुन्हा मिटली नाहीत. आता ती डाव्या हाताने शिवते. गादी पक्की होते, कापूस हलत नाही, वर्षानुवर्षे टिकेल. पण टाके तिरपे येतात. म्हणून हल्ली आमचे गाव गाद्या धुळ्याला शिवायला टाकते. नानांच्या खुळाला हसणारे झाडून सगळे टाकतात. मुलीच्या लग्नाची गादी आहे, तिथे वाकडेतिकडे कसे चालेल?

तुमच्याही घरी या वैशाखात लग्न असेल. धुळ्याला जाताना हनीफचे दुकान वाटेतच लागते. ताजबी बाहेरच बसलेली असते.