सामाईक ओवी

"ओवी रेकॉर्ड करायची आणि खुल्या वेबसाइटवर चढवायची. एका दुपारचं काम!" चाकणच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल योगिनीताईंनी समितीला छाती ठोकून सांगितलं. कालच ट्रेनिंग घेऊन आल्या होत्या ना! अध्यक्ष लक्ष्मणराव टपूनच बसले होते. संध्याकाळपर्यंत काही चढलं नाही, तर पुस्तकं माळ्यावर आणि हॉल कंपनीतल्या पोरांना कॉट बेसिसवर!

मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! अंबुबाईंना जात्यावरची ओवी येते, एवढं कळताच योगिनीताईंनी त्यांना रिक्षात घालून आणलं आणि मोबाइल तोंडासमोर धरला.

"आजी, ही ओवी कुणीही वापरावी, असं आधी बोलावं लागतं. म्हणा, 'मी माझा हक्क सोडते.'"

झालं! अंबुबाई ताडकन उठल्या. "हक्कसोड? तुला सयाजीनं पाठिवलं व्हय गं?"

"कोण सयाजी?"

"माझ्या भावाचं पोर! दर दिवाळीला साडी देतंय आन् म्हणतंय, आत्या, जमिनीवरचा हक्क सोडा. चाकणची जमीन मी साडीवर सोडू? न्हाई सोडणार!"

"अहो, जमीन नाही, ओवी!"

"ओवी तरी माझ्या एकटीची हाय का? आईची हाय. आमी तिघी बहिणी. सामाईक हाय!"

योगिनीताईंनी कपाळाला हात लावला. फोन झाले. आळंदीहून सावित्रीबाई आल्या, कासारवाडीहून शालनबाई आल्या, त्या 'वकील कुठंय?' असं विचारतच! चहा झाला, पुन्हा चहा झाला. योगिनीताई दारापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून दारापर्यंत. शेवटी तोड निघाली: वाटप! जिनं तिनं आपल्या वाट्याची ओळ गायची, हक्क तेवढ्यापुरताच सोडायचा.

अंबुबाई गायल्या, "सरलं गं दळण, सुपात उरली मूठ..." आणि गप्प. "माझा वाटा झाला."

सावित्रीबाईंनी उचललं, "भाऊ आला न्यायाला, म्हणतो ताई ऊठ..." इतकं गोड, की घाईतसुद्धा योगिनीताईंचे डोळे भरून आले.

शालनबाईंनी मात्र पदर खोचला. "आधी भावानं रस्त्याकडचा तुकडा द्यावा. मग गाते!"

विनवण्या झाल्या, पाया पडून झालं. दिवे लागले. हॉल मोजायला टेप घेऊन लक्ष्मणराव दारात! योगिनीताईंनी देवाचं नाव घेतलं आणि होतं तेवढं चढवलं.

लगेच ट्रेनिंगवाल्या बुद्धरत्न सरांचा फोन. "वा मॅडम, काय आवाज! पण शेवटची ओळ कुठंय?"

योगिनीताईंनी एकदा लक्ष्मणरावांकडे पाहिलं, एकदा शालनबाईंकडे, आणि आवाज खाली आणला.

"सर, तो तुकडा वादात आहे."